गाडीचा सूर कोणी लावायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'ट्यूनिंग' हा शब्द मराठीत आता पुरता मुरला आहे. दोन फलंदाजांचं ट्यूनिंग जमतं, तबलजीचं गायकाशी जमलं की मैफल रंगते, आणि दोन जावांचं जमलं नाही की घराला दुसरी चूल लागते. हा शब्द वापरताना आपण नकळत दोन गोष्टी गृहीत धरतो. एकानं दुसऱ्याचं ऐकायचं, आणि ऐकून मग थोडं बदलायचं. आज मला बोलायचं आहे ते मोटारीच्या इंजिनाच्या ट्यूनिंगविषयी. पण ऐकणं आणि बदलणं या दोन गोष्टी तिथंही तशाच लागू आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए., तेही साहित्य घेऊन. मग हा विषय माझ्याकडे कसा? त्याचं असं आहे, की आमच्या नात्यागोत्यात कविता लिहिणारा मी एकटा आणि पान्हा धरणारे पुष्कळ. भाच्याचं गॅरेज आहे. संध्याकाळी मी तिथल्या बाकावर जाऊन बसतो. खरं सांगायचं तर पुष्कळदा कविसंमेलनापेक्षा तिथं ऐकायला जास्त मिळतं. गेल्या काही वर्षांत त्या बाकावर एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. गाडीची ताकद वाढवायची आहे. तर हातात मावणारं तयार यंत्र मागवून ते जोडावं, की एखाद्या जाणकाराकडे जाऊन रीतसर ट्यूनिंग करून घ्यावं? विचारणारे बहुतेक तरुण असतात. काहींची हौस असते, काहींचं पोट त्या गाडीवर असतं. म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यावासा वाटला.

आधी जुन्या दिवसांकडे जाऊ. पद्मिनी, अँबॅसिडर आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांना कार्बोरेटर होता. 'गाडी ट्यून करायची' म्हणजे काय करायचं, हे तेव्हा शेजारच्या पोरालाही ठाऊक असायचं. मिस्त्री कार्बोरेटरचे दोन स्क्रू फिरवायचा. एकानं इंजिन उभ्या उभ्या किती वेगानं चालेल ते ठरायचं, दुसऱ्यानं हवेत पेट्रोल किती मिसळेल ते. मग डेल्को किंचित फिरवून ठिणगी कधी पडावी ते ठरवायचं, टॅपेटमधली फट पातळ पत्रीनं मोजायची, पॉइंट घासायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटून उभा राहिलेला मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. त्याचा कान हेच त्याचं यंत्र होतं. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर असेच बसतात. घोडीवर किंचित घासायचं, तारेखालचा दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं आणि पुन्हा घासायचं. घाईनं दोन घास जास्त मारले तर घोडी कामातून जाते.

२००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्बोरेटर हळूहळू गेला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. त्याला ईसीयू म्हणतात. ही एक चपटी धातूची पेटी असते. इंजिन किती वेगानं फिरतं आहे, किती हवा आत येते आहे, पाणी किती तापलं आहे, धुरात प्राणवायू किती उरला आहे, चालकाचा पाय किती दाबला गेला आहे, हे सगळं ती निरनिराळ्या सेन्सरकडून ऐकते. ऐकलेल्यावरून इंधन किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बो असेल तर हवेचा दाब किती होऊ द्यायचा, हे ठरवते. ठरवण्यासाठी तिच्यापाशी तक्ते असतात. आपल्या शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे. आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत त्याच्यावरचा भार, आणि जिथं दोन्ही मिळतात त्या चौकोनात उत्तर. या तक्त्यांना धंद्यात 'मॅप' म्हणतात आणि ते बदलण्याला 'रीमॅप'.

हे काम किती नाजूक आहे, याची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब सांगतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा ते सेकंदाला ५० वेळा फिरतं. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात तेवढ्या एका सेकंदात १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी फेऱ्याच्या ठरलेल्या अंशावर पडली पाहिजे, आणि एक अंश म्हणजे त्या वेगाला सेकंदाचा अठरा हजारावा भाग. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. जोर लावताना पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. ठिणगी योग्य क्षणापेक्षा फार आधी पडली, किंवा मिश्रण चुकलं, तर सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत जाण्याऐवजी काही भाग आपोआप भडकतो. बाहेर टकटक असा आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला खड्डे पडतात, कधी पिस्टन फुटतो.

आता मूळ प्रश्न. कंपनीनं इतका विचार करून तक्ते भरलेले असताना ते बदलून ताकद वाढते कशी? वाढते, हे खरं आहे. कारण कंपनी थोडी जागा राखून ठेवते. गाडी कुणाच्या हातात जाणार, हे कंपनीला माहीत नसतं. कुठं भेसळीचं पेट्रोल भरलं जाईल, कुठं एअर फिल्टर दोन वर्षं बदलला जाणार नाही. विदर्भातल्या मे महिन्यात ती गाडी घाट चढेल आणि डिसेंबरात हिमाचलात उभी राहील. ४० अंशांच्या हवेत १० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के कमी प्राणवायू असतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरलेला असतो. सेन्सर हे सगळं ओळखून तोल सांभाळतात, पण तोल सांभाळायलाही बाजूला जागा लागते. शिवाय धुराचे निकष असतात, वॉरंटी असते, आणि 'स्वस्त मॉडेलला कमी ताकद, महागड्याला जास्त' असा व्यापारी हिशेबही असतो. ट्यूनिंग करणारा ही राखीव जागा वापरतो. ती रिकामी पडून होती म्हणून फुकट मिळाली, असं समजायचं कारण नाही. आपल्या घरात अडीअडचणीला ठेवलेले पैसे खर्च केले तर त्या महिन्यात चैन होते. पुढच्या आजारपणात काय, हा प्रश्न उरतोच.

सगळ्या इंजिनांत ही जागा सारखी नसते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात हवा जेवढी येते तेवढीच येते. तिथं तक्ते बदलून पाच-दहा टक्के मिळाले तरी पुष्कळ. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाबच वाढवता येतो, म्हणून तिथं वीस-तीस टक्के वाढ होऊ शकते. आपल्याकडे रीमॅपची हवा पसरली ती टर्बो डिझेल गाड्यांमुळे, त्याचं कारण हेच.

फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन बघा. पुण्याजवळ रांजणगावला ते बनत होतं. मारुतीनं परवाना घेऊन तेच इंजिन आपल्या गाड्यांत घातलं, आणि २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टमुळे ते गावोगाव पोचलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा निकष लागू झाले तेव्हा मारुतीनं डिझेल बंद केलं, पण जुन्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत. हे इंजिन एका रूपात ७५ अश्वशक्तीचं होतं आणि दुसऱ्या रूपात ९० चं. त्यामुळे गॅरेजच्या बाकावर एक समजूत पक्की झाली, की इंजिन तेच आहे, कंपनीनं नुसतं कुलूप लावलं आहे, किल्ली फिरवली की ७५ चे ९० होतात. हे अर्धंच खरं आहे. ९० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो वेगळा होता. त्याची पाती वेगाप्रमाणे कोन बदलायची. ७५ वाल्याचा टर्बो साधा, ठरलेल्या आकाराचा. तक्ते बदलून ७५ वाल्याची ताकद वाढते, पण त्या टर्बोला जास्त राबवून. एकाच वृत्तात दोघांनी लिहिलं म्हणून दोघांचा श्वास सारखा होत नाही, हे मला माझ्या धंद्यातून ठाऊक आहे.

आता पहिला पर्याय, हातातलं यंत्र. हा प्रकार मुळात अमेरिकेचा. तिथं १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला डॅशबोर्डखाली एका ठरावीक आकाराचं, सोळा टोकांचं सॉकेट असणं सक्तीचं झालं. त्याला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे ते बीएस-चार निकषांबरोबर, २०१० नंतर रूढ झालं. अमेरिकेतले पिकअप ट्रकवाले आणि मोठ्या इंजिनांच्या मोटारींचे शौकीन साध्या मोबाइलपेक्षा थोडं मोठं असं यंत्र विकत घेतात, त्या सॉकेटला जोडतात. यंत्र आधी गाडीतली मूळ फाइल वाचून स्वतःत जपून ठेवतं. मग पडद्यावर विचारतं, कोणतं पेट्रोल भरता? ट्रेलर ओढायचा आहे, की इंधन वाचवायचं आहे, की वेग हवा आहे? तुम्ही बटण दाबता. काही मिनिटांत नवी फाइल गाडीत लिहिली जाते. बहुतेक यंत्रं मग त्या एका गाडीशी बांधली जातात. मूळ फाइल परत घातल्याशिवाय दुसऱ्या गाडीला चालत नाहीत.

याचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. घरच्या अंगणात काम होतं. केव्हाही मूळ फाइलवर परत जाता येतं. गाडीत बिघाडाचा दिवा लागला तर त्याचा कोड वाचता येतो. टायरचा आकार बदलला तर वेगमापक दुरुस्त करता येतो. एखाद्या खूप खपलेल्या मॉडेलची मूळ अवस्थेतली, धडधाकट गाडी असेल आणि यंत्र नावाजलेल्या कंपनीचं असेल, तर त्यातली तयार फाइल बऱ्यापैकी सावधपणे लिहिलेली असते. कंपनीला ती हजारो अनोळखी गाड्यांना द्यायची असते, म्हणून तीही थोडी जागा राखते.

तोटाही त्यातच आहे. ही फाइल तयार कपड्यासारखी. मापं सरासरी माणसाची. ज्याचा एक खांदा उतरता आहे त्याला ती बाही लांबच होणार. तुमच्या गाडीचे इंजेक्टर थकले आहेत, टर्बोच्या नळीला भेग आहे, क्लच घसरायला लागला आहे, हे त्या फाइलला कळत नाही. आणि परदेशी यंत्र इथं आणताना तर एक मोठा खड्डा आहे, तो इंधनाचा. अमेरिकेतल्या पंपावर ८७, ९१, ९३ असे ऑक्टेनचे आकडे असतात. आपल्या साध्या पेट्रोलचा आकडा बरीच वर्षं ९१ होता. वरवर पाहता वाटायचं, आपलं ९१ म्हणजे त्यांचं ९१. पण दोन्हीकडची मोजायची रीत वेगळी आहे. त्यांचं ८७ म्हणजे आपल्या मोजणीनं ९१ च्या आसपास, आणि त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५ किंवा त्याहून थोडं वर. तिथली '९१'ची फाइल घालून इथलं ते ९१ चं साधं पेट्रोल भरणारा माणूस नॉकिंगला आवतण द्यायचा. इंजिनाचा नॉक सेन्सर ठिणगी मागे सरकवून काही काळ सांभाळून घ्यायचा, पण मग ताकद तरी कुठं वाढली?

भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी अशी यंत्रं फारशी मिळत नाहीत. इथं त्यांची जागा घेतली आहे ती 'ट्यूनिंग बॉक्स'नं. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, दोन वायरी, कुरिअरनं घरी येतो. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. आजच्या डिझेल इंजिनात एका सामाईक नळीत हजार-दीड हजार बार, नव्या इंजिनांत त्याहूनही जास्त दाबानं डिझेल भरलेलं असतं. आपल्या मोटारीच्या चाकात दोन बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज करा. त्या नळीवर एक सेन्सर असतो आणि तो ईसीयूला दाब सांगतो. हा डबा त्या दोघांच्या मध्ये बसतो आणि दाब खरा असेल त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं दाब पडला, म्हणून तो दाब वाढवतो. डिझेल जास्त जातं, पिकअप वाढतो. म्हणजे हा सगळा कारभार खोट्या साक्षीवर चाललेला. चांगल्या डब्यांत ही साक्ष तोलूनमापून दिली जाते आणि डबा काढला की गाडी जशीच्या तशी होते. हलक्या डब्यांत एकच खोटं सगळ्या वेगांना आणि सगळ्या भारांना सांगितलं जातं. मग काळा धूर निघतो, सायलेन्सरकडे जाणारा वायू बेसुमार तापतो आणि टर्बो व पिस्टन यांचं आयुष्य घटतं. याहून स्वस्त असा एक प्रकार ओबीडीच्या सॉकेटमध्ये नुसता खोचायचा असतो. तसले काही जाणकारांनी उघडून पाहिले, तर आत लुकलुकणाऱ्या दिव्यांशिवाय काहीच करणारं सापडलं नाही. ते निदान इंजिनाला अपाय करत नाहीत, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

दुसरा पर्याय जाणकाराकडून ट्यूनिंगचा. पुणे, मुंबई, बंगळुरू, कोची अशा शहरांत हे काम करणारे आहेत. नीट करणारा माणूस गाडी आली की लगेच लॅपटॉप उघडत नाही. आधी गाडी तपासतो. कोड वाचतो, फिल्टर पाहतो, हवेच्या नळ्या दाबून पाहतो, क्लच पाहतो. मग गाडी रोलरवर चढवतो. त्याला डायनो म्हणतात. चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागेवरच राहते आणि चाकांशी किती ताकद पोचते ते मोजलं जातं. ती कंपनीच्या आकड्यापेक्षा नेहमी कमी भरते, कारण गिअर आणि साखळीतल्या इतर भागांत काही ताकद खर्च होते. म्हणून 'आधी किती' हे त्याच रोलरवर मोजलेलं नसेल, तर 'नंतर किती' याला अर्थ नाही. पुढे तो गाडीची फाइल वाचून ठेवतो, तक्त्यांतले आकडे थोडे बदलतो, परत लिहितो, पुन्हा चालवतो. धुरातली हवा मोजतो, नॉकिंगवर कान ठेवतो, तापमान पाहतो. असं चार-सहा वेळा. शेवटी रस्त्यावर नेतो, कारण रोलरपुढे लावलेला पंखा म्हणजे घाटातला वारा नव्हे. फाइल लिहिताना गाडीची बॅटरी मध्येच बसली तर ईसीयूच निकामी होऊ शकतो, म्हणून तो बॅटरीला बाहेरून वीज जोडून ठेवतो. या छोट्या गोष्टीवरून माणूस ओळखता येतो.

पण इथंही सावध राहायला हवं. पाटी 'प्रोफेशनल'ची असली तरी आत काम तयार फाइलचंच चालतं, असं पुष्कळ ठिकाणी आहे. तुमची फाइल वाचायची, इंटरनेटवरून परदेशातल्या एखाद्या फाइल विकणाऱ्याकडे पाठवायची, तासाभरात आलेली फाइल गाडीत भरायची आणि पैसे घ्यायचे. मापं न घेता शिवणारा शिंपी आणि तयार कपड्यांचं दुकान, यांत फरक तो काय? उलट अमेरिकेत हातातल्या यंत्राचाच वापर करून उत्तम काम करणारे लोक आहेत. गाडीवाला ते यंत्र जोडून गाडी चालवतो, यंत्र सगळे आकडे नोंदवून ठेवतं, गाडीवाला ती नोंद दूरच्या जाणकाराला पाठवतो. तो ती वाचून त्याच गाडीसाठी फाइल दुरुस्त करून पाठवतो. असे चार-पाच फेरे होतात. शेकडो मैलांवरचा माणूस, पण त्यानं गाडीचं ऐकलेलं असतं.

हे सगळं ऐकल्यावर माझ्यापुरता एक निष्कर्ष निघाला. यंत्र आणि माणूस अशी निवड करायला गेलो की आपण फसतो. विचारायचं ते असं: फाइल कुणी लिहिली, ती माझ्या गाडीसाठी लिहिली का, आणि लिहिण्याआधी आणि नंतर माझ्या गाडीचं कुणी ऐकलं का? ही उत्तरं चांगली असतील तर फाइल कोणत्या डब्यातून आली याला फारसं महत्त्व नाही.

भाच्याच्या गॅरेजमध्ये घडलेली गोष्ट सांगतो. भाड्यानं गाडी चालवणारा एक तरुण आला. डिझेल गाडी, दीड लाखावर किलोमीटर झालेले, बँकेचे हप्ते चालू. रत्नागिरीच्या वाऱ्या असायच्या, आणि आंबा घाटात गाडी दम टाकायची. त्यानं मोबाइलवर एका डब्याचं चित्र दाखवलं. म्हणाला, "वस्ताद, हा बसवून द्या. बारा हजारांत पंचवीस टक्के पिकअप वाढतो म्हणतात." भाचा म्हणाला, "बसवू की. आधी गाडी बघू दे." एअर फिल्टर काढला तर तो धुळीनं गच्च. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या बाजूनं भेग, तिथून दाबाची हवा निसटत होती. दोन्ही बदललं. दुसऱ्या आठवड्यात तो घाट चढून आला आणि डब्याचं नाव काढलं नाही. भाचा मला म्हणाला, "मामू, त्या फाटक्या नळीवर डबा बसवला असता ना, तर डिझेल वाढलं असतं आणि हवा तेवढीच राहिली असती. नुसता धूर. टर्बो गेला असता, आणि याचे हप्ते काय मी भरणार होतो?" त्या पोराचं सहा महिन्यांचं उत्पन्न एका रबरी नळीवर टांगलेलं होतं. गाडी आपली पूर्वीची ताकद हरवून बसली असेल, तर आधी ती परत मिळवायची. पुष्कळांची गरज तिथंच भागते.

आता कायद्याविषयी, कारण त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. वॉरंटीतली गाडी असेल तर ती जाऊ शकते. मूळ फाइल परत घातली म्हणून पुरावा पुसला जातो असंही नाही. काही गाड्यांच्या ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर तोच मुद्दा तुमच्यावर उलटू शकतो. म्हणून फाइलला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.

याहून मोठा मुद्दा हवेचा आहे. ताकद वाढवताना काही जण धूर शुद्ध करणारी यंत्रणाच बंद करून देतात. काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकायचा आणि ईसीयूला सांगायचं, की सगळं ठीक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालात, आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची अशी यंत्रणा निकामी केली गेल्याचा अंदाज आहे. यंत्रं विकणाऱ्या अनेक कंपन्यांना तिथं दंड झाला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं तेही सॉफ्टवेअरचंच होतं. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणाऱ्या जवळपास १ कोटी १० लाख गाड्या जगभर विकल्या गेल्या होत्या. म्हणजे फाइलमधले काही आकडे शाळेबाहेर रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुलाच्या छातीपर्यंत पोचतात. जो ट्यूनर फिल्टर काढायची भाषा करतो, त्याच्या दुकानातून गाडी वळवून आणावी.

आणखी एक. ताकद वाढते ती इंजिनाची. ब्रेक तेच राहतात, क्लच तोच, टायर तेच. घाट चढताना मिळालेला आनंद उतरताना त्याच जुन्या ब्रेकच्या हवाली करायचा असतो.

मग निवड कशी करावी? गाडी वॉरंटीत असेल, किंवा एप्रिल २०२० नंतरची बीएस-सहा डिझेल असेल, तर हात लावू नये. त्या गाड्यांत धुराची यंत्रणा इतकी एकमेकांत गुंतलेली आहे, की एक तक्ता बदलला की दुसरीकडे गाठ बसते. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी असेल तर ते पैसे चांगल्या टायरना आणि वेळेवर सर्व्हिसिंगला द्यावेत. फरक जास्त जाणवेल. खूप चाललेली गाडी असेल तर आधी तपासणी, आणि बहुधा तिथंच थांबावं. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांकडे मूळ अवस्थेतली, खूप खपलेल्या मॉडेलची गाडी असेल, तिथला कायदा परवानगी देत असेल आणि यंत्राला तशी मान्यता असेल, तर नावाजलेल्या यंत्रातली सौम्य फाइल पुरे होते. पण गाडीत काहीही वेगळं बसवलेलं असेल, मोठा टर्बो, वेगळे इंजेक्टर, वेगळा हवेचा मार्ग, तर तयार फाइल त्या गाडीची उरत नाही. तिथं माणूसच हवा, आणि तोही मोजणारा.

अशा माणसाकडे गेलात तर त्याला चार गोष्टी जरूर विचारा. माझी मूळ फाइल मला देणार का? आधीचं आणि नंतरचं मोजमाप कागदावर दाखवणार का? साध्या पंपावरचं इंधन धरून काम करणार का? आणि बिघडलं तर गाडी परत घेऊन आलो, की ओळख दाखवणार का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं यंत्राचं माहितीपत्रकसुद्धा देऊ शकेल. चौथ्याचं उत्तर मात्र समोर बसलेल्या माणसाकडूनच घ्यावं लागतं.